सहासष्टपासून सुरू झालेला आलेख

आमचे हे स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये आलेख शिकवायचे. तक्ते, स्तंभालेख, वर्तुळालेख, चढउताराच्या रेघा आणि या सगळ्यांच्या पोटात दडलेली टक्केवारी. परीक्षेत या भागावर दहा-पंधरा प्रश्न असतात आणि भलीभली मुलं तिथंच माती खातात, म्हणून त्याला वेगळा मास्तर लागतो. क्लास चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना नव्या रबराचा वास येतो आणि वर पोचलं की मार्करचा. जिना संपतो तिथं चौकशीची खिडकी आहे आणि त्या खिडकीत मी बसते. म्हणजे ह्यांचं घरातलं तोंड मीच बघायची आणि कामावरचंही मीच, त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात ऐकीव फारसं काही नाही.

मुलं ह्यांना हिस्सा सर म्हणायची. कारण कुठलीही टक्केवारी दिसली की हे तिचा हिस्सा करून मोकळे. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, सव्वासहा म्हणजे सोळावा, साडेसदतीस म्हणजे आठातले तीन. घरातही तेच. दूध उतू जात असतं, मी धावत असते आणि हे दारात उभे राहून सांगतात, "सहावा हिस्सा गेला." एकदा चिडून म्हटलं, मला शंभर टक्के माहीत आहे, तुम्ही गॅस बंद करणार नाही. तर म्हणाले, "कशाचे शंभर टक्के?" अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

पण ह्यांची खरी ओळख हिश्शांत नव्हती, एका प्रश्नात होती. फळ्यावर स्तंभालेख काढून झाला की मुलं पेन सरसावून उत्तरं काढायला लागायची. हे हात वर करून थांबवायचे. "आधी खाली बघा. शून्य कुठंय?" म्हणजे डावीकडची उभी रेघ शून्यापासून निघाली आहे का, ते बघा. ती चाळीसपासून निघाली असेल, तर पन्नासचा खांब पंचेचाळीसच्या खांबाच्या दुप्पट दिसतो आणि बघणारा फसतो. "लबाडी वर नसते, पायाशी असते," हे सांगायचे. "आणि विचारलं की म्हणतात, कागद पुरला नाही."

मी त्याच प्रश्नाला भुलले. तेव्हा मी या क्लासची विद्यार्थिनी होते आणि हे नुकतेच शिकवायला लागले होते. माझ्या सरावपेपरवर लाल पेनानं लिहून आलं, 'उत्तर बरोबर. पण शून्य बघितलंत का?' मी खाली लिहून पेपर परत दिला, 'बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत का?' परीक्षेत मी सपशेल आपटले, लग्न मात्र ठरलं. ह्यांनी मला आयुष्यात दुसरं पत्र लिहिलं नाही. तोच पेपर कपाटात कपड्यांच्या खाली आहे.

ह्यांना स्वतःला सरकारी साहेब व्हायचं होतं, पण झाले नाहीत. लेखी परीक्षा दर वेळी पास, तोंडी परीक्षेत दर वेळी नापास. एकदा समोरच्या साहेबांनी विचारलं, देशातले साठ टक्के तरुण अमुक करतात, यावर आपलं मत काय. ह्यांनी मत द्यायच्या आधी विचारलं, "साहेब, कुठल्या वयापर्यंतचे तरुण? आणि साठ टक्के कशाचे?" साहेबांच्या कपाळावर आठ्या. निकाल काय लागणार ते मी ह्यांच्या घरी येण्याच्या पावलांवरूनच ओळखलं. पुढं वय निघून गेलं, आणि ज्या खुर्चीत बसायचं होतं तिच्यापर्यंत दुसऱ्यांची मुलं पोचवण्याचं काम तेवढं उरलं. त्यातही हे सुखी होते. सकाळच्या बॅचला मागच्या बाकापर्यंत मुलं असायची, कुणी पास झालं की पेढे घेऊन नाही तरी पाया पडायला यायचं, आणि हे अवघडून म्हणायचे, "पायाशी शून्य बघितलंस ना, बस."

मग चष्मेवाली परत आली.

चष्मेवाली ह्यांचीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि तो वर ढकलत ढकलत ती शंका विचारायची. ह्यांना तिचं भारी कौतुक. पहिल्याच फटक्यात ती लेखी पास झाली, तोंडीही पास झाली आणि साहेब झाली. ज्या कचेरीच्या दारातून हे तोंड पाडून परतले होते त्याच कचेरीत. तेव्हा हे आनंदानं घरभर फिरत होते, हे मी शपथेवर सांगेन. विद्यार्थी खूप पुढं गेला की मास्तरला त्रास होत नाही. तो लांब असतो ना.

त्रास झाला तो ती परतली तेव्हा. काही वर्षं नोकरी करून तिनं ती सोडली आणि आमच्याच क्लासमध्ये शिकवायला आली. संध्याकाळची बॅच. खिडकीशी येऊन मला म्हणाली, "काकू, तिथं आलेख काढायला मिळत नव्हते हो. दुसऱ्यांनी काढलेल्यांवर नुसत्या सह्या करायच्या. मला कंटाळा आला." माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल. काकू म्हणाली.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. "सोडली?" म्हणाले. "आपण होऊन?" जे आपल्याला मागून मिळालं नाही ते दुसऱ्यानं कंटाळा आला म्हणून टाकून दिलं, हे पचायला जड असतं. ह्यांना ते कधीच पचलं नाही.

तिची शिकवायची तऱ्हा वेगळी. हे आधी पूर्ण आकडेमोड करायचे, दोन दशांश स्थळांपर्यंत, मग उत्तर. ती म्हणायची, चारांतले तीन पर्याय डोळ्यांनीच कटवा, मोजायचं काम उरलंच तर मोजा. पडद्यावर रंगीत वर्तुळं आणायची, मुलांना पुढं बोलावून बोटानं दाखवायला लावायची. माझी खिडकी आणि तिची खोली यांच्यात नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे तिच्या वर्गातलं हसणं मला ऐकू यायचं. तिचे शब्द कळायचे नाहीत, कारण चपलांच्या दुकानाचा लाऊडस्पीकर संध्याकाळी चालू असतो. पण हसणं कळायचं. ह्यांच्या वर्गात कुणी हसलेलं मला आठवत नाही.

ह्यांच्या बॅचचा मागचा बाक आधी रिकामा झाला, मग त्याच्या पुढचा. मुलं खिडकीशी येऊन मान खाली घालून म्हणायची, "मॅडम, संध्याकाळची बॅच बदलून मिळेल का? सकाळी जरा घरचं काम असतं." सगळ्यांच्याच घरी एकदम सकाळचं काम निघालं होतं.

हे घरी बोलायला लागले. बोलायला म्हणजे, तिच्याबद्दलच. "अंदाज म्हणजे काय शिकवणं झालं? तो चोरवाटेनं आत शिरण्याचा प्रकार आहे." चहा घेताना चष्मेवाली, दाढी करताना चष्मेवाली, इस्त्रीचे कपडे मोजताना चष्मेवाली. "रंगीत वर्तुळं दाखवते. मी दोऱ्याला मार्कर बांधून वर्तुळ काढतो, एक अंश इकडे तिकडे होत नाही. आहे का कुणाला कदर?" मी ऐकत राहायची. मनात म्हणायची, बाई गं, माझ्या घरात सवत आली ती अशी, कोनमापक हातात घेऊन. माझ्याबद्दल या माणसानं सलग पाच मिनिटं कधी विचार केला असेल तर मला कुणीतरी येऊन सांगावं. ह्यांना तिचा मत्सर वाटत होता आणि मला त्या मत्सराचा. एवढी ओढ मत्सरातली का होईना, ती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

एकदा म्हणाले, "अगं, तिनं मुलांना वाटलेले कागद तुझ्या खिडकीत असतील ना? एक आण. नुसतं बघायचंय." मी डब्याच्या पिशवीत घालून आणला. हे लाल पेन उघडून टेबलाशी बसले. पहिलं पान, दुसरं पान. प्रत्येक वर्तुळाची बेरीज केली, प्रत्येक उत्तर ताडून पाहिलं. शेवटी पेनाला टोपण लावलं. कागदावर लाल ठिपकासुद्धा नव्हता.

"सगळं बरोबर?" मी विचारलं.

"इतकं बरोबर काढायची काय गरज होती," हे म्हणाले आणि न जेवता बाहेर चक्कर मारायला गेले.

त्याच सुमारास ह्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. तिची मुलं भराभर उत्तरं काढतात म्हणे, मग आपलीही काढतील. वर्गात शिरल्यापासून हिश्शांचा पाढा सुरू. "साडेबारा? आठवा. सव्वासहा? सोळावा. पुढं, पुढं, पुढं." आलेख काढला की घड्याळ लावायचं. हात वर करून मुलांना थांबवणं बंद झालं. मी एकदा विचारलंही, "तुमचं ते शून्य कुठं गेलं?" तर म्हणाले, "त्यात पाव मिनिट जातं. ती पोरं तेवढ्यात एक प्रश्न सोडवतात."

मालकांनी मग विषय काढलाच. क्लासचे मालक पूर्वी दप्तरं विकायचे, त्यांना आलेखातलं ओ की ठो कळत नाही, पण गर्दी कुठं आहे ते बरोबर कळतं. दोघांना बोलावून म्हणाले, "एका विषयाला दोन मास्तर मला नकोत. दोन्ही बॅचची मिळून एक सराव परीक्षा घेऊ. ज्याचा निकाल सरस, पुढच्या सत्रापासून आलेख त्याचे. दुसऱ्यानं वाईट वाटून घेऊ नये." चष्मेवाली काहीतरी बोलायला गेली, पण त्याआधीच हे म्हणाले, "मान्य." मला खिडकीतून ह्यांचा चेहरा दिसत होता. या वयात हा क्लास सुटला तर ह्यांना दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. ह्यांच्या बॅचची बहात्तर टक्के मुलं पास, तिची एकोणसत्तर. हे जिंकले होते, निदान आकड्यांत. आता तो निकाल जिन्याजवळच्या भिंतीवर लावायचा, पालकांनीही बघितला पाहिजे, असं मालकांनी सांगितलं, आणि वडीलधारे म्हणून आलेख काढायचं काम ह्यांच्याकडे आलं.

रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर पांढरा पुठ्ठा पसरलेला, हे पट्टी, पेन्सिल आणि दोन रंगीत खडू घेऊन वाकलेले. मी शेजारी कपडे घड्या करत होते. खूप दिवसांनी हे गुणगुणत होते. दोन खांब झाले. ह्यांचा निळा, तिचा तपकिरी. निळा तपकिरीच्या बरोबर दुप्पट. मी चादरीची घडी अर्ध्यात सोडली आणि पुठ्ठ्याच्या खालच्या टोकाकडे बघितलं. उभी रेघ सहासष्टपासून निघाली होती.

"अहो," मी म्हटलं, "शून्य कुठंय?"

हे खडू घासत राहिले. मग म्हणाले, "कागद पुरत नाही."

मला असा संताप आला म्हणता. तिला हाकलायचं तर मलाही हवं होतं. मी काही तिची वकील नव्हते. पण ज्या एका प्रश्नापायी मी या माणसाशी लग्न केलं, त्याचं उत्तर त्यानं मला चोरांच्या तोंडचं द्यावं? "आणि खाली मुलं किती ते लिहिलं नाहीत," मी म्हटलं. "तुमची पंचवीस उरलीत आणि तिची शंभर आहेत. कशाचे बहात्तर टक्के?"

"तू चादरी बघ," हे म्हणाले.

मी चादरी बघितल्या. इतक्या जोरात झटकल्या की ह्यांचा खडू दोनदा घरंगळला.

सोमवारी आलेख भिंतीवर लागला. मालक आले, चालता चालता थांबले, चष्मा काढून पुसला. "अरे वा मास्तर, हे तर डबल आहे की," म्हणाले. खांद्यावर थाप मारली. "ठरलं मग. आता वाद नाही." बस, झालं. हे खिडकीशी येऊन पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता वर्गावर गेले. त्या दिवशी सकाळच्या बॅचची सगळी मुलं त्या आलेखासमोरून गेली, उड्या मारत, एकमेकांना टाळ्या देत. त्यांतल्या एकाचीही नजर खाली गेली नाही. मी बघत होते.

संध्याकाळी चष्मेवाली आली. हे मुद्दाम थांबले होते, तिचं तोंड बघायला. माझ्या खिडकीशी उभं राहून उगाच एक पावती उलटीपालटी करत होते. ती आलेखासमोर आली आणि तिची नजर आधी खाली गेली, रेघेच्या पायाशी. मग वर. मग परत खाली, आणि तिथंच थांबली. ह्यांनी पावती खाली ठेवली. ती वळली, चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, "अभिनंदन, सर." तिचा आवाज साधा होता, त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. वर्गात गेली आणि दार लोटून घेतलं.

"तिनं बघितलं," हे मला म्हणाले.

"बघणारच. तुम्हीच शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा संध्याकाळपर्यंत रेंगाळले. काय म्हणे, कपाट आवरायचं आहे. संध्याकाळच्या बॅचची मुलं आलेखासमोर घोळका करून उभी होती. ती पांगली तेव्हा दिसलं, की पुठ्ठ्याच्या तळाशी, सहासष्टच्या शेजारी, कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं आहे, शून्य कुठंय?

हे जवळ गेले. वाकून वाचलं. मागं एक मुलगी उरली होती, पेन्सिल तिच्या हातातच होती, पळून जायला उशीर झाला होता.

"तू लिहिलंस?" ह्यांनी विचारलं.

"हो काका," ती म्हणाली. ती पहिल्यापासून संध्याकाळच्याच बॅचची, तिनं ह्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळचे मास्तर आणि संध्याकाळची मुलं यांची गाठ कशी पडणार? तिला वाटलं, कुणाचे तरी वडील असतील. "आमच्या मॅडम म्हणतात, कुठल्याही आलेखाला आधी हे विचारायचं. न विचारता बरोबर उत्तर दिलं तरी मार्क नाहीत. हा बघा, सहासष्टपासून सुरू होतो. म्हणून तो निळा एवढा मोठा दिसतो. तसा फरक काहीच नाही. तीन टक्क्यांचा."

मी खिडकीतून ऐकत होते. मग इतके महिने जो मत्सर कुरतडत होता तोच ह्यांच्या तोंडातून बाहेर आला. "हे वाक्य मॅडमचं आहे का?"

"छे," मुलगी म्हणाली. "ते त्यांच्या सरांचं आहे. रोज सांगतात. हे माझं नाही, आमच्या सरांचं आहे."

"कोण सर?"

"नाव नाही माहीत. असतील कुणीतरी मोठे."

मुलगी वर्गात गेली. हे भिंतीपाशी उभेच. मला वाटलं, आता ह्यांना बरं वाटेल, इतकी मोठी शाबासकी मिळाली. कसलं बरं. मी बाहेर येऊन बघते तर हे पांढरेफटक. "माझ्या पोरांनी विचारलं नाही गं," म्हणाले. "माझी पंचवीसच्या पंचवीस टाळ्या पिटत गेली. आणि तिची विचारतात. माझं होतं ते एकच, तेही तिच्याकडे गेलं." त्यांना अजूनही मत्सरच वाटत होता. पण आता तो तिच्या खुर्चीचा नव्हता, स्वतःच्याच जुन्या आवाजाचा होता.

त्यांनी आलेख काढून घेतला. चार कोपऱ्यांचे चार खिळे माझ्या हातात दिले.

घरी पुन्हा तेच टेबल. एक पुठ्ठा पुरेना, म्हणून एकाखाली एक डकवत गेलो. मी टोकं धरत होते, हे चिकटपट्टी लावत होते. शून्यापासून बहात्तरपर्यंत जायचं, तेही आधीच्याच मापानं, म्हणजे लांबी काही थोडीथोडकी नव्हे. टेबल संपलं, मग फरशीवर आलो. हे गुडघ्यांवर बसून खडू घासत होते. दोन्ही खांब झाले, तर जवळजवळ एकाच उंचीचे दिसले. निळ्याखाली ह्यांनी लिहिलं, पंचवीसपैकी अठरा. तपकिरीखाली लिहिलं, शंभरपैकी एकोणसत्तर.

"तुम्हाला नक्की लावायचाय?" मी विचारलं. मलाच धीर होत नव्हता.

"नाही लावायचा," हे म्हणाले. "पण लावतो."

तो आलेख छतापासून सोडला तरी खाली फरशीला टेकला आणि दोन वीत जिन्याकडे गेला. मालक आले, त्यांना पाय उचलून पलीकडे जावं लागलं. "हे काय मास्तर? काल डबल होता, आज सारखाच?"

"सारखाच आहे," हे म्हणाले. "काल मी चुकीचा लावला होता."

"मग मी ठरवू कसं?"

"खालचे आकडे बघा. अठरा आणि एकोणसत्तर. माझ्याकडे अठरा पोरं तयार झाली, तिच्याकडे एकोणसत्तर. आणि तिच्या पोरांना आलेख वाचता येतो. माझ्यांना फक्त पाढा येतो." हे सगळं एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

मालकांनी डोकं खाजवलं, पण गर्दीचा हिशेब त्यांना पहिल्यापासून ठाऊकच होता. पुढच्या सत्रापासून आलेख चष्मेवालीचे झाले. हे आता आमच्या पुढच्या खोलीत शिकवतात. चार-पाच मुलं येतात, चटईवर बसतात. घड्याळ लावत नाहीत, हात वर करून थांबवतात.

मी अजून खिडकीतच आहे. नवीन मुलं विचारतात, आलेखाला कोण आहेत, आणि मला दिवसातून कितीतरी वेळा तिचं नाव घ्यावं लागतं. जिभेला चटका बसतो दर वेळी. मध्यंतरी ती स्वतः खिडकीशी आली. हातात नवे कागद. "काकू, सरांना दाखवाल? काही चुकलं असेल तर." या वेळी चोरून न्यायचं कारण नव्हतं, तरी मी सवयीनं डब्याच्या पिशवीतच घातले.

हे लाल पेन घेऊन बसले. दुसऱ्याच पानावर त्यांचा हात थांबला. "अगं, इकडे ये. बघ." एक वर्तुळालेख. पंचवीस, वीस, अठरा, बावीस, चौदा. "बेरीज कर. नव्याण्णव. शंभर होत नाहीत. चुकली." किती महिन्यांनी हा चेहरा असा उजळला होता. त्यांनी चौदावर लाल गोल केला, शेजारी पंधरा लिहिलं. मग पेन थांबलं. चेहरा उतरत गेला. "पण इतकी ढोबळ चूक ती करणार नाही," म्हणाले. "वर्तुळाची बेरीज तर ती झोपेतही करेल." माझ्याकडे बघितलं. "मुद्दाम सोडलीय का तिनं? माझ्यासाठी?"

"मला काय विचारता," मी म्हटलं. "जेवायला चला."

ते जेवायला आले नाहीत. त्या नव्याण्णवकडे बघत बसले. चीड होती, लाजही होती, आणि तिला हेसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं याची जळजळ तर होतीच. अखेर त्यांनी समासात लाल पेनानं सावकाश काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. मी वाचलं. 'एक टक्का मुद्दाम सोडलात का?'

माझ्या पेपरावर आलं होतं ते अक्षर, तोच लाल रंग, तसाच प्रश्न. आणि हा माणूस निर्मळ मनानं हात धुवायला गेला होता.

तो कागद मी तिला दिला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतून वाकून तिला सांगितलं, "हे बघ, चुका तपासून हव्या असतील तर आमच्या घरी येत जा. सरांच्या समोर बस. मी चहा करते." तिनं चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, "येऊ?" आवाज असा, की ती याचीच वाट बघत होती.

आता ती रविवारी येते. दोघं टेबलाशी बसून भांडतात, अंदाज बरा की आकडेमोड बरी. हे तिच्यावर जळतात, ते मला खुर्चीच्या करकरण्यावरून कळतं. मी चहा ठेवते आणि मधली खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसते. लाल पेन माझ्या हातात असतं. लिहायचं असेल तर माझ्याकडे मागावं लागतं.